सेमिनारमध्ये ओ की ठो कळत नाही. खगोलशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांनी मार्ग सुचवावा

कोर्सवर्कवाला

मंडळी, ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राच्या एका संस्थेत पीएचडीला रुजू झालो. सध्या पहिल्या वर्षाचं कोर्सवर्क चालू आहे. रेडिएटिव्ह प्रोसेसेस, गॅलक्टिक डायनॅमिक्स, स्टॅटिस्टिक्स वगैरे. त्याबद्दल तक्रार नाही. असाइनमेंट रात्र जागून का होईना सुटते, आणि नाही सुटली तर कुठे अडलं ते तरी कळतं. माझं घोडं पेंड खातं ते सेमिनारमध्ये.

दर आठवड्याला कलोक्वियम असतं. शिवाय बाहेरून कुणी आलं की त्यांचा सेमिनार, मग ग्रुप मीटिंग, मग विद्यार्थ्यांचा जर्नल क्लब, म्हणजे पाळीपाळीने एकेक पेपर सगळ्यांना समजावून सांगायचा. पहिल्या चार-पाच स्लाइडपर्यंत मी वक्त्याबरोबर असतो. नंतर एक असा ग्राफ येतो, त्यावर सात रंगांचे ठिपके, तीन तुटक रेषा, आणि वक्ता म्हणतो "हे तुम्हाला माहीतच आहे". तिथे माझा हात सुटतो तो थेट शेवटच्या टाळ्यांपर्यंत. वहीत तारीख आणि विषय सोडून काही उतरलेलं नसतं.

परवाचंच सांगतो. दीर्घिकांच्या गुच्छांमधल्या रेडिओ हेलोंवर व्याख्यान होतं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका पोस्टडॉकने एवढंच विचारलं, "बीम केवढा होता?" वक्ता जरा घुटमळला आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच खल झाला. पेंगणारे सुद्धा सरसावून बसले. बीम म्हणजे काय ते मला माहीत आहे, परीक्षेत विचारलं तर लिहून येईन. पण त्या प्रश्नात एवढं काय होतं ते अजून उमगलेलं नाही, आणि बाहेर पडल्यावर कुणाला विचारायची लाज वाटली.

एमएस्सी विद्यापीठाच्या विभागात केलं. तिथे सेमिनार म्हणजे शेवटच्या सत्रात मार्कांसाठी उरकायचं प्रेझेंटेशन. मित्राला प्रश्न विचारला तर तो आठवडाभर बोलायचा नाही. इथे मात्र वक्त्याला दुसऱ्याच स्लाइडवर अडवतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

तर सरळ विचारतो. सगळ्या सेमिनारना बसावं, की तो वेळ पायथन आणि डेटा रिडक्शनमध्ये (दुर्बिणीचा कच्चा डेटा साफ करून वापरण्याजोगा करण्यात) घालवावा? जो विषयच कळला नाही त्यावर प्रश्न सुचणार कसा? आणि पुढच्या महिन्यात जर्नल क्लबमध्ये माझी पाळी आहे, तर पेपर कसा निवडू? गाइड अजून ठरलेले नाहीत, त्यामुळे हक्काने विचारावं असं कुणी नाही.

तिसरं_वर्ष

अरे, शेजारच्या खोलीतल्या सीनियरला विचार की! आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाला वाटायचं की आपण सोडून बाकी सगळ्यांना कळतंय. पहिलं सत्र असंच गेलं. मग एकदा एका मैत्रिणीने बाहेर आल्या आल्या विचारलं, "तो नेमकं काय सिद्ध करत होता?" आम्ही पाच जण होतो, पाच उत्तरं निघाली. तेव्हापासून आमचा नेम आहे: व्याख्यान संपलं की वक्त्याचा दावा एका वाक्यात सांगायचा, न पाहता. जमलं नाही तर पुन्हा ॲबस्ट्रॅक्ट उघडायचं. मजा म्हणजे दर वेळी ज्याला सगळ्यात कमी कळलंय असं वाटत असतं, त्याचंच वाक्य बरं असतं.

बीमचं मीटरवेव्हदादा सांगतील. ते असल्याच प्रश्नांवर जगतात.

मीटरवेव्ह

हजर आहे.

आधी बीम. रेडिओ हेलो म्हणजे गुच्छाच्या मध्यभागी पसरलेलं अतिशय मंद उत्सर्जन, त्याला धड कडा नसते, आणि व्याप्ती साधारण एक मेगापारसेक. आता गोम अशी की त्याच भागात गुच्छातल्या सुट्या दीर्घिकाही रेडिओत चमकत असतात. बीम मोठा, म्हणजे रिझोल्यूशन भरड असेल, तर असे पाच-सहा सुटे स्रोत एकमेकांत मिसळतात आणि एक छान पसरट डाग दिसतो. हलत्या हाताने काढलेल्या फोटोत दूरचे दिवे एकमेकांत मिसळून जातात ना, तसं. मग तो हेलो, की दिव्यांची रांग?

यावर उपाय असतो. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण घे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या चौरसात दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, टोकाटोकांतलं अंतर २५ किलोमीटरच्या घरात. लांबच्या जोड्या बारीक तपशील दाखवतात, जवळच्या जोड्या पसरट उत्सर्जन पकडतात. म्हणून आधी फक्त लांब बेसलाइन, म्हणजे लांबच्या जोड्या, घेऊन सुटे स्रोत ओळखायचे, ते डेटामधून वजा करायचे, आणि उरलेल्यातून भरड बीमने हेलोचं चित्र बनवायचं. म्हणजे हेलोची सगळी भिस्त त्या वजाबाकीवर. "बीम केवढा होता" याचा खरा अर्थ "वजाबाकी कशी केलीत आणि तिच्यावर तुमचा किती भरवसा आहे" असा होता. वक्ता घुटमळला तो त्यामुळे.

आता महत्त्वाचं. त्या पोस्टडॉकला त्या गुच्छाबद्दल तुझ्यापेक्षा फार जास्त माहिती असेल असं मला वाटत नाही. त्याने कधीतरी स्वतःच्या हाताने अशी वजाबाकी केली असेल, महिनाभर डोकं आपटलं असेल, आणि आता तो एकच प्रश्न घेऊन प्रत्येक व्याख्यानाला जातो. चांगला प्रश्न विचारायला सगळा विषय यावा लागत नाही. एक गोष्ट हाताखालून गेलेली असावी लागते. म्हणून "सेमिनार की डेटा रिडक्शन" ही निवडच मला पटत नाही. डेटा रिडक्शन करताना जिथे बोट भाजतं, तिथला प्रश्न पुढे जन्मभर पुरतो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिका प्रत्येक वक्त्याला "हे सगळे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?" असं विचारतात. विषय कुठलाही असो. निम्म्या वेळा नसतात.

दुसरं, सेमिनार हॉलमध्ये सुरू होत नाही. १९६४ सालची रॉयल सोसायटीतली गोष्ट तू ऐकली असशील. फ्रेड हॉइल यांनी हॉइल-नारळीकर गुरुत्व सिद्धांत मांडला, आणि व्याख्यानानंतर स्टीफन हॉकिंग नावाचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला की तुमची ही राशी अनंत होते. हॉइलनी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, मी गणित केलंय. ही गोष्ट बहुतेक जण अशी सांगतात की जणू पोराने बसल्या जागी मनातल्या मनात गणित सोडवलं. तसं काही नव्हतं. त्याने ती समीकरणं केंब्रिजमध्ये नारळीकर सरांकडे आधीच पाहिली होती आणि त्यावर काम करूनच तो आला होता. प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणाऱ्या तरंगांची बेरीज अनंत होते हा त्याचा मुद्दा, आणि पुढे तेच त्याच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं. मला त्यात जास्त आवडतं ते हे की सरांनी कच्चं काम शेजारच्या ग्रुपमधल्या विद्यार्थ्याला दाखवलं होतं. संस्था चालते ती अशा उघड्या दारांवर.

तू हॉकिंग नाहीस, मीही नाही. पण अर्धा तास आपल्यालाही काढता येतो. सूचना आली की वक्त्याचा ताजा पेपर एडीएस किंवा अर्काइव्ह या पेपरांच्या ऑनलाइन साठ्यांवरून काढ. पूर्ण वाचायचा नाही! ॲबस्ट्रॅक्ट, ज्या आकृतीवर दावा उभा आहे ती आकृती, आणि निष्कर्षाच्या आधीचा तो भाग जिथे लेखक हळू आवाजात मर्यादा सांगतात. आकृतीचे दोन्ही अक्ष वहीत उतरव, एककांसकट. अक्ष लॉग आहेत का ते बघ. सात रंगांचे ठिपके व्याख्यानात तीस सेकंद दिसतात, तेवढ्यात अक्षसुद्धा वाचून होत नाहीत. आदल्या दिवशी पाहिले असले तर तू थेट ठिपक्यांकडे बघशील.

तिसरं, दर व्याख्यानात एक तरी आकडा स्वतः काढून बघायचा. उदाहरण देतो. समजा वक्ता म्हणाला, आम्ही वेला पल्सर (ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणारा, गरगरणारा न्यूट्रॉन तारा) ३०० ते ५०० मेगाहर्ट्झमध्ये पाहिला. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारता उशिरा पोचते हे तुला कोर्समध्ये झालं असेल. उशीर मिलिसेकंदांत काढायचा तर ४.१५ गुणिले डिस्पर्शन मेझर (वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले त्याचं माप), भागिले गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा वर्ग. वेलाचं डिस्पर्शन मेझर साधारण ६८. तर ०.३ च्या वर्गाने भागून सुमारे ३१३६, ०.५ च्या वर्गाने भागून ११२९, फरक दोन सेकंदांचा. आणि वेलाचा आवर्तकाल? ८९ मिलिसेकंद. म्हणजे बँडच्या वरच्या टोकाला एक स्पंद आला, तोच खालच्या टोकाला यायच्या आत वर आणखी बावीस येऊन गेले. दुरुस्ती केली नाही तर स्पंद म्हणून काही शिल्लकच राहणार नाही. हे वहीच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होतं, आणि आता वक्ता "डीडिस्पर्शन" म्हणाला की तुला त्याची गरज पोटातून कळलेली असते. मग प्रश्न आपोआप येतो: चॅनल, म्हणजे बँडचे बारीक तुकडे, किती रुंद ठेवले होते? एका चॅनलच्या आत किती पसरलं?

बाह्यग्रहांचं व्याख्यान असेल तर त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग कर. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश एक टक्का घटतो, पृथ्वीएवढा गेला तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. क्वेसार असेल तर बदल किती दिवसांत झाला ते बघून प्रकाशाच्या वेगाने गुण, उगमाच्या आकाराची कमाल मर्यादा मिळाली. अशी पाच-सहा हत्यारं पहिल्या वर्षात कुणाकडेही जमतात.

आणि साध्या प्रश्नाची लाज सोड. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने आदिम गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं, जगभर ढोल वाजले. नंतर सगळा वाद येऊन थांबला तो "आपल्या दीर्घिकेतली धूळ कशी वजा केली?" या प्रश्नावर. त्यांच्या धुळीच्या एका मॉडेलसाठी प्लँक उपग्रहाच्या गटाच्या एका परिषदेतल्या स्लाइडवरचा नकाशा आकड्यांत उतरवून वापरला होता. हो, स्लाइडवरून! छापील पेपरमधून ते मॉडेल काढून टाकावं लागलं. सप्टेंबरमध्ये प्लँकचं धुळीचं मोजमाप आलं, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही गटांनी मिळून केलेल्या विश्लेषणात खूण धुळीत विरली. पुन्हा वजाबाकीच. खगोलशास्त्रातले निम्मे प्रश्न वजाबाकीचे असतात.

सोडून_गेलेला

मी पीएचडी पूर्ण करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, त्यामुळे कुणाला खूश ठेवायचं नाही. मीटरवेव्ह यांच्याशी अर्धा सहमत.

पहिल्या वर्षाच्या पोराला हॉकिंगची गोष्ट सांगू नका. ती ऐकून पोरं गप्प बसायला शिकतात. आणि सगळीकडे उघडी दारं नसतात. मी होतो तिथे (नाव नको) एक ज्येष्ठ गृहस्थ वक्त्याला तिसऱ्या स्लाइडवर गाठून सोलायचे. विद्यार्थी वक्ता असला तर जास्तच. बाकीचे त्याला "परंपरा" म्हणायचे. माझ्यानंतरच्या बॅचमधल्या एका मुलीने त्यानंतर वर्षभर तोंड उघडलं नाही. ११ जानेवारी १९३५ ला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत एडिंग्टननी भर सभेत तरुण चंद्रशेखरांच्या श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमान-मर्यादेची खिल्ली उडवली, हे आपण फार कौतुकाने सांगतो, कारण पुढे चंद्रा बरोबर ठरले आणि १९८३ मध्ये नोबेल मिळालं. पण मधलं कोण सांगतं? १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवरचं पुस्तक लिहून त्यांनी तो विषयच बाजूला ठेवला आणि दुसरीकडे वळले. सगळ्यांची कातडी जाड नसते, आणि ती जाड करणं हे प्रशिक्षण नव्हे.

आता व्यवहाराचं. कलोक्वियम चुकवू नको, कारण ते सगळ्या संस्थेसाठी असतं आणि निदान पहिली वीस मिनिटं तुझ्यासाठी असतात. जर्नल क्लब तर अजिबात चुकवू नको. पण खास विषयाचे सेमिनार, ज्यात ॲबस्ट्रॅक्टमधलं एकही वाक्य कळत नाही, ते सोडून दिले तर आभाळ कोसळत नाही. तो वेळ गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायला घाल. सहा महिन्यांनी स्वतःची स्क्रिप्ट उघडून "हे कुणी लिहिलं" असं विचारायची वेळ आली नाही म्हणजे मिळवली. मला नोकरीत सेमिनारमधलं एकच उपयोगी पडलं: समोरच्याचा ग्राफ बघून "वाय अक्ष शून्यापासून का नाही?" हे विचारायची खोड. त्यावर पगार चालू आहे.

मीटरवेव्ह

सोलणाऱ्यांबद्दल एक शब्द खोटा नाही. सूत्रसंचालकाने थांबवायला हवं, आणि तो बहुधा त्यांचाच जुना विद्यार्थी असतो. काही ठिकाणी पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. लहानशी गोष्ट आहे, पण हॉलचा रंग बदलतो. तुमच्याकडे नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत मागा.

हॉलमध्ये धीर होत नसेल तर व्याख्यानानंतर वक्त्याला गाठायचं. पाहुणे एक-दोन दिवस असतात, त्यांच्या भेटींच्या यादीत विद्यार्थ्यांची वेळ मागून घ्या. तीन-चार जण मिळून जा. एकट्याला दडपण येतं.

खास सेमिनार सोडण्याबद्दल: पहिल्या वर्षी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. गाइड ठरायचे आहेत ना? मग कुणाचा विद्यार्थी कसा बोलतो, अडला की गाइड त्याला सावरतात की त्याच्याकडे बघत राहतात, हे कळायची दुसरी जागा नाही.

कोर्सवर्कवाला

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बीमचं वाचून ट्यूब पेटली. वेलाचं गणित करून पाहिलं, दोन सेकंद बरोबर येतात. गाइड निवडण्याचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता.

जर्नल क्लबसाठी दोन पर्याय काढलेत. एक गेल्या आठवड्यातला अर्काइव्हवरचा पेपर, आदिम विश्वातल्या कृष्णविवरांवरचा, चाळीस पानी. दुसरा डंकन लॉरिमर यांचा २००७ चा, पहिल्या फास्ट रेडिओ बर्स्टचा, म्हणजे काही मिलिसेकंदांच्या रेडिओ झोताचा. पहिला ताजा आहे म्हणून भाव खाऊन जाईल. दुसरा सगळ्यांना माहीत असेल, मग लोक कंटाळतील का? शिवाय इंग्रजीतून अर्धा तास सलग बोलायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

वर्णपटवाली

मी महाविद्यालयात शिकवते, सुट्ट्यांमध्ये एका संस्थेत काम करायला जाते, आणि आजवर विद्यार्थ्यांची बरीच प्रेझेंटेशनं ऐकली आहेत. दुसरा पेपर घे, डोळे मिटून. चाळीस पानी पेपर घेणारा विद्यार्थी स्लाइडवर फक्त लेखकांची वाक्यं चिकटवतो, दुसरं करणार काय? आणि "सगळ्यांना माहीत" म्हणतोस, तर हॉलमधल्या किती जणांनी तो पेपर खरंच उघडलाय ते हात वर करायला सांगून बघ.

शिवाय त्या पेपरमध्ये विद्यार्थ्याची गोष्ट आहे. तो बर्स्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने २००१ मध्ये नोंदला होता. जुन्या डेटात तो तसाच पडून होता. २००७ मध्ये तो शोधला डेव्हिड नार्केविच या पदवीच्या विद्यार्थ्याने, लॉरिमरनी दिलेल्या कामात. सांगायचं, पण गोष्टीवर पाच मिनिटं घालवायची नाहीत.

सगळा वेळ वारंवारता-काळाच्या आकृतीला दे. ती पडद्यावर आली की आधी अक्ष सांग. आडवा काळ, उभी वारंवारता, उजळ पट्टा वरून खाली उजवीकडे वळत जातोय. मग थांब. लोकांना बघू दे. नवखे वक्ते इथेच घाई करतात. स्वतः शंभरदा पाहिलेली आकृती समोरचे पहिल्यांदा बघताहेत हे विसरतात. मग मीटरवेव्ह यांचंच सूत्र फळ्यावर लिही: डिस्पर्शन मेझर ३७५, बँड साधारण १.२३ ते १.५२ गिगाहर्ट्झ, उशीर येतो ०.३५ सेकंद. तो आकृतीवर बोटाने मोजून दाखव. पेपरमधला आकडा हॉलसमोर स्वतः काढून दाखवणारा विद्यार्थी लोकांच्या लक्षात राहतो.

शेवटची स्लाइड "धन्यवाद" ची नको. त्याऐवजी "हा दावा कशामुळे पडला असता?" अशी कर. आणि इथे तुझ्याकडे हुकमी पत्ता आहे. २०११ मध्ये त्याच दुर्बिणीवर असेच दिसणारे १६ संकेत जाहीर झाले. त्यांना पेरिटॉन नाव पडलं, आणि ते दुर्बिणीच्या तेराही बीममध्ये (इथे बीम म्हणजे एकाच वेळी बघितलेला आकाशाचा एकेक वेगळा तुकडा) एकदम दिसत होते, म्हणजे उगम जवळपासचाच. त्यामुळे लॉरिमर बर्स्टवरही संशयाची सावली आली आणि ती काही वर्षं हटली नाही. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी चोर पकडला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन, बंद व्हायच्या आत कुणी दार उघडलं की! पेट्रॉफ तेव्हा पीएचडीचीच विद्यार्थिनी. सगळे हसतील, हसू दे. मग विचार, की मग लॉरिमर बर्स्ट ओव्हनचा नव्हता कशावरून?

इंग्रजीचं म्हणशील तर, आधी मराठीत कुणालातरी पूर्ण सांग. खोलीतल्या मित्राला, घरी फोनवर, कुणालाही. जिथे मराठीतही अडखळशील तिथे तुला भौतिकीच कळलेलं नाही, भाषेचा दोष नाही. ते दुरुस्त झालं की इंग्रजीत लहान लहान वाक्यं कर. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून. पाठ करू नको. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ असावं, म्हणजे सुरुवातीची थरथर त्यातच निघून जाते.

सोडून_गेलेला

ओव्हनची स्लाइड हसवून जाते आणि मग प्रश्नोत्तरात फक्त ओव्हनच उरतो, हेही पाहिलं आहे. ती शेवटून दुसरी ठेव.

कोर्सवर्कवाला

लॉरिमरच ठरलं. ०.३५ सेकंदही काढून झालं. बोलायला सुरुवात केल्यावर एका जागी अडलो, तेही मराठीतच, म्हणजे ताईंचं म्हणणं खरं आहे. डिस्पर्शन मेझर जास्त म्हणून उगम दीर्घिकेबाहेरचा, हे वाक्य मी म्हणतो, पण जास्त म्हणजे कशापेक्षा? आणि उगमाभोवतीच दाट आयनित ढग असेल तर तो जवळ असूनही आकडा मोठा येईल ना?

मीटरवेव्ह

हाच प्रश्न तुला हॉलमध्ये येणार, तर आधीच तयारी कर.

जास्त म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या वाट्यापेक्षा. त्या दिशेला आपल्या दीर्घिकेतले इलेक्ट्रॉन मोजून जास्तीत जास्त २५ च्या आसपास आकडा यायला हवा, मिळाला ३७५. दिशा दीर्घिकेच्या प्रतलापासून बरीच दूर आहे, म्हणून वाटा इतका कमी. हा अंदाज पल्सरांवर बेतलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या मॉडेलमधून येतो. मॉडेल दुप्पट चुकलं तरी ५० होईल. उरलेल्या तीनशेचं काय, ते सांगावंच लागतं.

ढगाची शंका रास्त आहे. पण ढग एवढा दाट असेल तर त्याने इतर खुणाही सोडायला हव्यात: हायड्रोजनची तेजोरेषा दिसायला हवी, आणि कमी वारंवारतेचं उत्सर्जन त्यातच शोषलं जायला हवं. शिवाय फार दाट प्लाझ्मात उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्तात बसत नाही, वक्र जरा वेगळा होतो. पेपरमध्ये त्या वक्राबद्दल काय म्हटलंय ते शोधून काढ आणि फळ्यावर लिही. मूळ लेख चारच पानांचा असला तरी त्याला जोडलेली पूरक सामग्री वेगळी आहे, तीही उतरवून घे. कोणत्या बीममध्ये किती तीव्रता नोंदली गेली तेही नीट बघून जा. पेरिटॉन तेराही बीममध्ये होते आणि हा मोजक्याच बीममध्ये, त्यामुळे ओव्हनचा प्रश्न आला की त्याचं उत्तर तिथून सुरू करता येईल.